पगडी, टिकली आणि आपण

अमृतसरच्या श्री गुरू रामदास मेडिकल कॉलेजात २००८ साली काही मुलामुलींना शीख अल्पसंख्याक कोट्यातला प्रवेश नाकारण्यात आला. गुणांचा प्रश्न नव्हता. मुलांनी दाढी-केस कापले होते आणि मुलींनी भुवया कोरल्या होत्या. कॉलेज शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या छत्राखालचे. त्यांचे म्हणणे असे, की ज्याने केसाला कात्री लावली तो या कोट्यापुरता शीख नाही. प्रकरण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेले आणि तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने ३० मे २००९ रोजी कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. न कापलेले केस हा शीख धर्माचा मूलभूत भाग आहे, असे त्यात ठरले.

इतकी जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण आपलेच आहे. मध्यंतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हल्लीच्या मुली टिकलीसुद्धा लावत नाहीत’ या विषयावर दोन दिवस चर्चा चालली. बोलणाऱ्यांत पुरुष जास्त होते. त्यात एका सभासदांनी लिहिले, ‘शिखांकडून शिका. त्यांची मुले अमेरिकेत गेली तरी पगडी सोडत नाहीत.’ त्यावर पंचवीसएक अंगठे आले. कोणी विधान केले की त्यामागचे कागद पाहावेत, ही बँकेतली सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून शिखांच्या तरुण पिढीत पगडीचे, केसांचे आणि मुलगा-मुलगी या भेदाचे नेमके काय चालले आहे, ते आम्ही जमेल तसे पाहिले. चित्र त्या संदेशात होते तितके सरळ नाही.

आधी धर्म काय सांगतो ते पाहू. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला. त्यांना पहिल्यांदा शीर द्यायला जे पाच जण पुढे आले, त्यातले मोहकमसिंग हे आपल्या गुजरातचे, द्वारकेचे, हे बडोद्यात फार कमी लोकांना ठाऊक असते. केस, कंगवा, कडे, कच्छा आणि कृपाण या पाच खुणा अमृत घेतलेल्या प्रत्येकाला आहेत, मग तो पुरुष असो की स्त्री. केस न कापण्याचा नियमही दोघांना सारखाच. पगडीचे मात्र तसे नाही. शिरोमणी समितीने १९४५ साली मंजूर केलेली ‘सिख रहत मर्यादा’ नावाची आचारसंहिता आहे. तिच्यानुसार पुरुषाला पगडी आवश्यक आहे, तर स्त्रीने बांधावी किंवा न बांधावी, तिची इच्छा. स्त्रियांनी पडदा किंवा घुंगट घेणे मात्र योग्य नाही, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे केसांचे बंधन दोघांना, डोक्यावरची ठळक खूण एकाला. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की घरात ‘दस्तारबंदी’ होते, नातेवाईक जमतात, मामा-काका पहिली पगडी बांधतात. मुलीसाठी सहसा असा सोहळा नसतो. आपल्याकडच्या मुंजीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आता या मुलांचे प्रत्यक्षात काय होते? ज्याची खूण ठळक, त्याला बाहेरच्या जगात तिची किंमत मोजावी लागते. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत दंगलखोरांनी माणसे ओळखली ती दाढी आणि पगडीवरून, आणि जीव वाचवण्यासाठी कितीतरी जणांनी त्या दिवसांत केस कापून घेतले. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्याच दिवशी अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रोलपंप चालवणाऱ्या बलबीरसिंग सोधी यांना गोळी घालण्यात आली. मारणाऱ्याला पगडी दिसली, धर्म माहीत नव्हता. फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत धर्माची ठळक चिन्हे घालायला बंदी केली. बोलणे सगळे मुलींच्या हिजाबबद्दल झाले होते, पण त्या कायद्यात शीख मुलांची पगडीही अडकली. आपल्याकडे एवढे टोकाचे होत नाही, तरी ‘बारा वाजले का’ हा विनोद प्रत्येक सरदार मुलाने शाळेत शंभर वेळा ऐकलेला असतो. बँकांमध्ये जेवणाच्या सुट्टीत हेच विनोद चालत आणि सरदार सहकारी स्वतःही हसत. ते का हसत, हे विचारायची पद्धत नव्हती. असे विनोद थांबवावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. समाजाने कसे वागावे याचे नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, अशा अर्थाचे मत न्यायालयाने २०१७ साली दिले.

मग ‘पगडी सोडत नाहीत’ हे खरे का? अनेक जण सोडतात. पंजाबच्या गावोगावी बिनपगडीची, केस कापलेली तरुण मुले दिसतात, आणि ही तिथल्या धार्मिक नेत्यांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. लग्नाच्या जाहिरातींत ‘पगडीधारी’ आणि ‘क्लीन शेव्हन’ असे दोन स्वतंत्र रकाने असावेत इतका हा फरक रुळलेला आहे. त्याला मतदानाचीही बाजू आहे. गुरुद्वारांचा कारभार १९२५ च्या कायद्याने चालतो. त्या कायद्याने शीख स्त्रियांनाही मताचा अधिकार दिला, जो त्या काळात देशातल्या बहुसंख्य स्त्रियांना नव्हता. पण २०१६ साली संसदेने दुरुस्ती केली आणि केस कापणाऱ्या ‘सहजधारी’ मंडळींचा शिरोमणी समितीच्या निवडणुकीतला मताधिकार काढला. म्हणजे केस ही केवळ श्रद्धेची गोष्ट राहिलेली नाही. प्रवेश, मत आणि लग्न या तिन्हींसाठी ती कागदासारखी तपासली जाते.

मुलींचे दुखणे वेगळे आहे आणि आमच्या मते जास्त अवघड आहे. मुलाला घराबाहेर त्रास होतो, पण घरात त्याचे कौतुक असते. मुलीला रस्त्यावर कोणी शीख म्हणून ओळखत नाही. तिचा प्रश्न घरातच आणि ब्यूटी पार्लरच्या दारात उभा राहतो. धर्म म्हणतो, अंगावरच्या केसाला हात लावू नको. लग्नाच्या बाजारात मात्र भुवया कोरलेल्या हव्यात, ओठांवर लव नको, हातपाय गुळगुळीत हवेत. या दोन्ही अपेक्षा पुष्कळदा एकाच घरातून येतात. आई पार्लरला घेऊन जाते आणि आजी गुरुद्वाऱ्यात मान खाली घालते. अमृतसरच्या कॉलेजात ज्या मुली अडकल्या, त्या इतर मुलींसारख्याच वागल्या होत्या, इतकेच. अमेरिकेत २०१२ साली एका अमृतधारी विद्यार्थिनीचा, चेहऱ्यावरच्या केसांमुळे, कोणीतरी चोरून फोटो काढून थट्टेसाठी इंटरनेटवर टाकला. तिने न चिडता उत्तर लिहिले, आपण शरीर जसे मिळाले तसे ठेवतो आणि लोक आपल्या कामाकडे पाहतील अशी आशा धरतो, असे सांगितले. शेवटी फोटो टाकणाऱ्याने जाहीर माफी मागितली. ही गोष्ट जगभर गाजली. पण तिच्यासारखा धीर प्रत्येक अठरा वर्षांच्या मुलीकडून अपेक्षित धरणे हा काही न्याय नव्हे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहतात. ई.एम.ई.मुळे समा भागात लष्करातली कुटुंबे पूर्वीपासून येत-जात आली, त्यातले हे एक इथेच स्थिरावले. त्यांचा नातू कॅनडात गेला आणि वर्षभरात केस कापून मोकळा झाला. सुभेदारसाहेब तीन महिने त्याच्याशी फोनवर बोलले नाहीत. त्याच काळात इथे शिकणाऱ्या नातीने स्वतःहून केस्की, म्हणजे छोटी पगडी, बांधायला सुरुवात केली. आम्हाला वाटले आजोबांना आनंद झाला असेल. झालाही. पण घरातल्या बायका काळजीत पडल्या. ‘रिश्ता कैसे मिलेगा?’ हा आजींचा प्रश्न होता. मुलाने सोडली तर घराण्याची लाज, मुलीने बांधली तर लग्नाची चिंता! मुलीचे उत्तर आम्हाला आवडले. ती म्हणाली, ‘अंकल, केस दोघांनी सांभाळायचे, तर मग पगडीचा मान एकट्या वीरजींनाच का?’

अशा मुली आता बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि त्यांच्यापुढे सरकारी नियम गोंधळून जातात. मोटार वाहन कायद्याने पगडी बांधणाऱ्या शिखाला हेल्मेटमधून सूट आहे. दिल्लीत २०१४ साली स्त्रियांनाही हेल्मेट सक्तीचे झाले, शीख स्त्रियांना वगळून. पगडी नसलेली शीख स्त्री ओळखायची कशी, हे चौकातल्या हवालदारावर सोडले. चंडीगडने २०१८ मध्ये उलट केले. फक्त पगडी बांधणाऱ्या शीख स्त्रियांना सूट दिली. शीख संघटनांनी विरोध केला, केंद्रीय गृहमंत्रालयाने सल्ला दिला आणि काही महिन्यांत सर्व शीख स्त्रियांना सूट मिळाली. अपघातात डोके कोणाचे फुटेल, हा विचार या सगळ्यात कुठे होता, कोण जाणे. (बडोदेकरांनी यावर फार बोलू नये. आपल्याकडे हेल्मेट बहुधा आरशाला अडकवलेले असते.) फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचा हिजाबबाबतचा अंतरिम आदेश आला, तेव्हा बंगळूरच्या एका कॉलेजात सतरा वर्षांच्या अमृतधारी मुलीला पगडी उतरवायला सांगण्यात आले. तिच्या घरच्यांनी नकार दिला. हिजाबचे मूळ प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची दोन वेगळी मते पडली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. सुनावणीत शिखांच्या पगडीशी तुलना बरोबर नाही असा सूर निघाला होता. कारण पाच खुणा धर्मात सर्वमान्य आहेत. कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा असेलही. पण वर्गात बसलेल्या सतरा वर्षांच्या दोन मैत्रिणींना तो कसा समजावणार, हा प्रश्न उरतोच.

गुरुद्वाऱ्यातही सगळे समान आहे असे नाही. तिसरे गुरू अमरदास यांनी पडद्याला आणि सतीला विरोध केला होता. बीबी जागीर कौर १९९९ मध्ये शिरोमणी समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तरीही सुवर्णमंदिराच्या गाभाऱ्यात स्त्रियांना कीर्तन करू दिले जात नाही आणि ते करू द्यावे असा ठराव पंजाब विधानसभेला नोव्हेंबर २०१९ मध्ये करावा लागला.

आपल्या नांदेडबद्दल थोडे लिहायला हवे. गुरू गोविंदसिंगांचा देह तिथे १७०८ साली पडला. तेव्हापासून आणि पुढे महाराजा रणजितसिंगांच्या काळात आलेल्या मंडळींपासून तिथे शिखांची वस्ती आहे. त्यांना दखनी शीख म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे सव्वादोन लाख शीख होते, गुजरातेत अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. नांदेडचा मुलगा मराठीत शिकतो, मराठीत भांडतो, पण पुण्यात नोकरीला गेला की पगडी पाहून समोरचा त्याच्याशी हिंदीत बोलायला लागतो. ज्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि ज्यांच्यासाठी २०१५ साली आपण पंजाबात घुमानला साहित्य संमेलन भरवले, त्यांच्या भाषेत बोलायला या मुलाला आधी परवानगी काढावी लागते! आपणही इथे थोडेफार हेच अनुभवतो. आडनाव ऐकून ‘तमे मराठी छो?’ असे विचारणारे अजून भेटतात. फक्त आपले मराठीपण घरी ठेवून बाहेर पडता येते. त्याला ते डोक्यावर घेऊनच हिंडावे लागते.

आता ग्रुपवरच्या त्या विधानाकडे येऊ. शिखांकडून शिकायचे असेल तर हिशोब पूर्ण मांडावा. त्यांच्याकडे धर्माची ठळक खूण पुरुषाच्या डोक्यावर आहे. आपल्याकडे ती बाईच्या कपाळावर आणि गळ्यात आहे. आपल्या पुरुषांच्या खुणा कुठे गेल्या? आमच्या आजोबांच्या पिढीत शेंडी होती, धोतर होते, पगडी किंवा पागोटे होते, जानवे होते. एकेक करून सगळे गेले. नोकरीला पँट-शर्ट लागतो म्हणून गेले आणि त्यासाठी कोणी ग्रुपवर दोन दिवस चर्चा केली नाही. पुणेरी पगडी आता सत्कारापुरती, भाड्याने मिळते. म्हणजे जमाखर्चात सगळी सवलत एका खात्याला आणि सगळी वसुली दुसऱ्या खात्यातून. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली त्यात रोख हाच होता, की पुरुषांनी सोयीने सगळे सोडायचे आणि धर्म मात्र बायकांनी सांभाळायचा, हे कसे? आगरकरांनी ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ असा लेख लिहिला तेव्हा किती गदारोळ झाला! आज त्याचे हसू येते. आजच्या टिकलीच्या चर्चेचे तसेच हसू पन्नास वर्षांनी येईल अशी आमची खात्री आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला आधी टिकली लाव मग बोलतो, असे ऐकवले. भारतमाता विधवा नाही, असे त्याचे कारण दिले. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. वाद टिकलीवर झाला, पण आम्हाला त्यातला ‘विधवा’ हा शब्द जास्त टोचला. कुंकवाची खरी गाठ तिथेच आहे. ही खूण धर्माची म्हणावी तर नवरा गेल्यावर ती पुसतात का? शीख पुरुषाची पगडी बायको वारल्यावर कोणी उतरवत नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, कारण वस्तरा त्यांच्या हातात होता. त्यानंतर १३२ वर्षांनी, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. एवढ्याशा गावाला जे सुचले, ते आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्या लोकांना सुचू नये?

बँकेच्या काउंटरवर दिसणारी आणखी एक गोष्ट सांगतो. शीख नावांत हरप्रीत, मनजीत, गुरमीत ही नावे मुलगा-मुलगी दोघांना चालतात. पुढे सिंग आहे की कौर, यावरून कळते. कौर हे नाव तत्त्वतः मुलीचे स्वतःचे, बापाचेही नाही आणि नवऱ्याचेही नाही. प्रत्यक्षात बऱ्याच जणी लग्नानंतर सासरचे आडनाव लावतात, पण कौर सहसा राहते. आता आपली सुनबाई पाहा. तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून पहिले नावही बदलतात. तीन नावे, तिन्ही बदललेली! मग पॅन एका नावावर, पदवीचे प्रमाणपत्र दुसऱ्या नावावर, आधार तिसऱ्या प्रकारे. आई-वडिलांनी ठेवलेली मुदत ठेव काढायला चाळीस वर्षांची बाई प्रतिज्ञापत्र घेऊन उभी राहायची, ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे’ असे लिहिलेले. नाव बदलावे असा कोणताही कायदा नाही. तरी विचारले तर उत्तर एकच मिळे, आमच्यात पद्धत आहे. हल्ली मुली नाव बदलत नाहीत याची तक्रारही ग्रुपवर होते. निदान बँकवाल्यांनी तरी ती करू नये.

काही सभासद म्हणतील, मग परंपरा सगळ्या सोडायच्या का? आम्ही तसे म्हणत नाही. सुभेदारसाहेबांच्या नातीने सोडले काहीच नाही, उलट जास्त धरले. पण तिने ते स्वतः ठरवले. आमच्या घरी दोन सुना आहेत. एक रोज टिकली लावते, दुसरी गणपतीत आणि लग्नकार्यात लावते. दोघीही आरतीला असतात. आरती आमच्यापेक्षा दुसरीलाच जास्त पाठ आहे. कपाळ मोजून श्रद्धा कळत नाही आणि दाढी मोजूनही कळत नाही. बडोद्याला हे नवीन नसावे. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून, संस्थांवरून आपण रोज जातो.

बोलून झाले, आता कामाचे. जानेवारीत आपल्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू असते. निमंत्रणात दरवर्षी ‘सर्व सुवासिनींनी’ असे छापले जाते. मंडळाच्या यादीत आमच्या मोजणीप्रमाणे बऱ्याच भगिनी अशा आहेत ज्या हे वाचून त्या दिवशी घरीच थांबतात आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ शेजारीण आणून देते. त्यातल्या काही जणींनी मंडळाच्या स्वयंपाकघरात पंधरा-पंधरा वर्षे काम केले आहे. या वेळी निमंत्रणात ‘सर्व भगिनींनी’ असे छापावे आणि कुंकू ज्यांना हवे त्यांनी लावावे, असे आम्ही कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. डिसेंबरच्या बैठकीत विषय येईल. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते ग्रुपवर न लिहिता सचिवांकडे द्यावे, म्हणजे इतिवृत्तात नोंद होईल.